समान चुकांची साक्ष

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांतील चिखला हें गांव मँगनीजच्या खाणीमुळें प्रसिद्ध आहे. ज्यांच्या घरचीं माणसें ह्या खाणींत कामास जातात त्यांस हें सांगावयास नको कीं, धातूचा थर भूमीच्या पोटांत नेहमीं सरळ पसरलेला नसतो. तो वांकतो, दुमडतो, कोठें बारीक होतो, तर कोठें एकाएकीं नाहींसा होतो. तो पुढें कोठें गेला असावा हें समजावें म्हणून भूगर्भशास्त्रज्ञ ठिकठिकाणीं जमिनीस खोल छिद्रें पाडून दगडाच्या लांबट कांड्या वर काढतात, आणि त्या एकमेकींशेजारीं मांडून एका छिद्रांतील कोणता थर दुसऱ्या छिद्रांतील कोणत्या थराशीं जुळतो तें पाहतात. जें कोणीं डोळ्यांनीं पाहिलें नाहीं तें तुलनेनें जाणावयाचें, अशी ही विद्या आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही अशाच एका तुलनेची हकीकत सांगणार आहों. येथें थर दगडांचे नसून अक्षरांचे आहेत, आणि शोध धातूचा नसून मनुष्याच्या पूर्वजांचा आहे.

आपल्या भागांतील रानांत, मोहाच्या आणि तेंदूच्या झाडांवर, काळ्या तोंडाचे व लांब शेपटीचे वानर सर्वांच्या पाहण्यांतील आहेत. शाळेंत उत्क्रांतीचा धडा झाला म्हणजे पुष्कळ मुलें घरीं जाऊन विचारतात, “माणूस ह्या वानरापासून झाला काय?” आणि पुष्कळ पालक हा प्रश्न एक तर हंसण्यावारी नेतात, नाहीं तर मनांतून दुखावले जातात. दोघांसही आमचें उत्तर एकच आहे: नाहीं. चुलतभाऊ हा कांहीं आपला बाप नव्हे. परंतु त्याचा आणि आपला आजा एक असतो. आजच्या वानराचें आणि आपलें नातें ह्याच प्रकारचें, पण फार लांबचें आहे. त्याची शाखा आणि आपली शाखा सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वीं वेगळ्या झाल्या. ह्याहून जवळचे आपले भाऊबंद म्हणजे शेपूट नसलेले मोठे कपि होत. चिंपांझी, बोनोबो आणि गोरिला हे आफ्रिकेंतील अरण्यांत राहतात, आणि ओरांगउटान सुमात्रा व बोर्निओ ह्या बेटांवर राहतो. आतां हें भाऊबंदपण कोणीं व कशावरून ठरविलें, हाच आमच्या लेखाचा विषय आहे.

प्रत्येक प्राण्याच्या पेशींत त्याच्या घडणीची एक पोथी असते असें समजावें. ती डी. एन. ए. नांवाच्या अतिसूक्ष्म धाग्यावर लिहिलेली असून तिची वर्णमाला अवघ्या चार अक्षरांची आहे. त्यांस ए, टी, जी आणि सी म्हणतात. मनुष्याच्या पोथींत अशीं सुमारे ३०० कोटी अक्षरें आहेत. ह्या सबंध पोथीस जीनोम असें नांव आहे. तिच्यांतील जे उतारे शरीरास उपयोगी पदार्थ कसे बनवावे हें सांगतात त्यांस जनुकें म्हणतात, आणि ज्या निरनिराळ्या बाडांत ती बांधलेली असते त्यांस रंगसूत्रें म्हणतात. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रती प्रत्येकास मिळतात. पुढच्या पिढीस देण्यासाठीं पोथीची नक्कल होते. आणि नक्कल कितीही काळजीनें झाली तरी कोठें एखादें अक्षर बदलतें, कोठें एखादें गळतें, कोठें भलताच तुकडा मध्यें शिरतो. अशी चूक वंशजांस वारशानें मिळत जाते.

मनुष्याची पोथी वाचण्याचें काम अनेक देशांतील शास्त्रज्ञांनीं १९९० सालीं हातीं घेतलें, आणि २००३ सालीं तें पुरें झाल्याचें जाहीर केलें. तथापि कांहीं बिकट भाग वाचावयाचे राहिलेच होते. ते वाचून सलग पोथी प्रसिद्ध होण्यास २०२२ साल उजाडावें लागलें. चिंपांझीची पोथी २००५ सालीं, ओरांगउटानची २०११ सालीं आणि गोरिला व बोनोबो ह्यांच्या २०१२ सालीं प्रसिद्ध झाल्या. त्यांतही गाळलेल्या जागा पुष्कळ होत्या; त्या भरून ह्या कपींच्या जवळजवळ सलग पोथ्या २०२५ सालीं विद्वानांपुढें आल्या.

ह्या पोथ्या शेजारीं शेजारीं ठेवून अक्षरास अक्षर लावून पाहिलें, तर जेथें तीं लावतां येतात तेथें मनुष्य व चिंपांझी ह्यांच्यांत दर शंभर अक्षरांमागें सुमारे सव्वा अक्षराचा फरक आढळतो. गोरिलाशीं हा फरक दीड अक्षराहून थोडा अधिक, आणि ओरांगउटानशीं तीन अक्षरांहून थोडा अधिक येतो. ह्यावरूनच “माणूस व चिंपांझी ९९ टक्के सारखे” हें वाक्य सर्वतोमुखीं झालें आहे. परंतु तें अर्धेंच खरें आहे. एका पोथींत असलेले व दुसरींत मुळींच नसलेले तुकडे, दोनदोनदां लिहिले गेलेले उतारे आणि उलटे फिरलेले परिच्छेद ह्या हिशेबांत धरलेले नाहींत. ते धरले म्हणजे अंतर बरेंच वाढतें. तेव्हां विद्यार्थ्यांनीं टक्क्याचा आंकडा पाठ करण्यापेक्षां, तो कशाचा मोजलेला आहे, हें विचारण्याची संवय लावून घ्यावी.

दुसरीही एक अडचण आहे. सारखेपणा दिसला म्हणजे नातें असलेंच पाहिजे असें नाहीं, आणि ह्याचा उत्तम दाखला आपल्या ओळखीच्या वानराचाच आहे. लायसोझाइम नांवाचें एक पाचकद्रव्य आहे. तें जंतूंचें कवच फोडतें. आपल्या अश्रूंत आणि लाळेंत तें असतें. गाय चारा खाते तेव्हां तिच्या पोटाच्या पुढील कप्प्यांत जंतू तो आंबवितात, आणि पुढें त्या जंतूंचेंच पचन व्हावें म्हणून हें द्रव्य तिच्या जठरांत स्रवतें. आपला वानरही पानें खाणारा असल्यामुळें त्याच्या पोटाची रचना तशाच धर्तीची झाली आहे. अमेरिकेंतील अ‍ॅलन विल्सन आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं १९८७ सालीं वानराचें लायसोझाइम तपासून प्रसिद्ध केलें, तेव्हां त्याचे कित्येक घटक गायीच्या लायसोझाइमशीं जुळणारे निघाले. म्हणून वानर गायीचा आप्त ठरतो काय? मुळींच नाहीं. दोघांचा आहार सारखा, त्यामुळें दोघांस सारखेंच हत्यार घडवावें लागलें. गांवांतील दोन लोहारांचे विळे सारखे दिसतात, म्हणून ते दोघे सख्खे भाऊ ठरत नाहींत.

मग नात्याचा भरंवशाचा साक्षीदार कोणता? ह्या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. दोन मुलांचें गणिताचें उत्तर बरोबर आलें, तर त्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. दोघांनींही तें स्वतंत्रपणें सोडविलेलें असूं शकतें. परंतु दोघांच्या वहींत त्याच ओळींत तीच चमत्कारिक चूक आढळली, तर एकानें दुसऱ्याचें पाहून लिहिलें किंवा दोघांनीं तिसऱ्याचें पाहून लिहिलें, ह्याविषयीं शंका राहत नाहीं. गुण अनेक वाटांनीं सारखे होतात. निरुपयोगी चूक मात्र त्याच जागीं, त्याच स्वरूपांत, दोनदां सहसा होत नाहीं.

हीच कसोटी आपल्या महाराष्ट्रांत एका थोर कार्यास लावली गेली आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताची चिकित्सक आवृत्ति हातीं घेतली. १९२५ सालापासून १९४३ सालीं मृत्यु येईपर्यंत विष्णु सीताराम सुखठणकर तिचे प्रधान संपादक होते, आणि १९६६ सालीं तें कार्य पूर्ण झालें. त्यासाठीं निरनिराळ्या लिप्यांतील १,२५९ हस्तलिखितें तपासण्यांत आलीं. कोणत्या पोथींत कोणता श्लोक मागाहून घुसडलेला आहे, कोणत्या पोथ्यांत तोच अपपाठ उतरला आहे, हें ताडून पोथ्यांचीं घराणीं ठरविण्यांत आलीं. मूळ प्रत कोणापाशींही नव्हती. ती नकलांच्या तुलनेनें शक्य तितकी गांठावयाची होती. मनुष्याच्या आणि कपींच्या समान पूर्वजाची पोथीही आज कोणापाशीं नाहीं, आणि तिच्याकडे जाण्याचा मार्गही हाच आहे. ह्या मार्गावर जीं प्रमाणें सांपडलीं त्यांतील तीन येथें देतों.

पहिलें प्रमाण नासलेल्या पानाचें आहे. क जीवनसत्त्व शरीरास मिळालें नाहीं तर हिरड्यांतून रक्त येतें व स्कर्व्ही नांवाचा रोग होतो. म्हणून आपणांस आवळा, लिंबू, पेरू खावे लागतात. गाय, कुत्रा किंवा उंदीर ह्यांस ही चिंता नाहीं. ते हें द्रव्य आपल्या शरीरांतच तयार करतात. त्यासाठीं लागणारें जनुक आपल्या पोथींतही आहे, परंतु त्याचे कांहीं भाग गळालेले व उरलेले बिघडलेले असल्यामुळें तें निकामी झालें आहे. चिंपांझीच्या, ओरांगउटानच्या आणि आपल्या रानांतील वानराच्याही पोथींत तें निकामीच आहे, आणि तो बिघाड आपल्या बिघाडाशीं जुळतो. गिनिपिग नांवाच्या प्राण्याचेंही हें जनुक निकामी झालें आहे. पण त्याचा बिघाड निराळा आहे, म्हणजे ती स्वतंत्र चूक होय. आपली चूक सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वींच्या एका समान पूर्वजापासून आलेली आहे.

दुसरें प्रमाण प्रक्षेपाचें आहे. वानरास शेपूट आहे, कपींस व मनुष्यास नाहीं. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दिसून आलें कीं, शेपटीच्या घडणीशीं संबंध असलेल्या एका जनुकांत सुमारे ३०० अक्षरांचा एक उपरा तुकडा घुसला आहे. तो मनुष्याच्या व सर्व कपींच्या पोथींत त्याच जागीं आहे; शेपटीच्या माकडांच्या पोथींत तो त्या जागीं नाहीं. त्याच्यामुळें जनुकाच्या वाचनांत जो बदल होतो तो उंदरांत घडवून आणला, तेव्हां कांहीं उंदीर आंखूड शेपटीचे, तर कांहीं बिनशेपटीचे जन्मले. महाभारताच्या पोथ्यांत जसा एखादा प्रक्षिप्त श्लोक एका घराण्याची खूण ठरतो, तसा हा तुकडा कपिकुळाची खूण ठरला आहे.

तिसरें प्रमाण बांधणीचें आहे. मनुष्याच्या रंगसूत्रांच्या २३ जोड्या आहेत. मोठ्या कपींच्या मात्र २४ आहेत. एक जोडी गेली कोठें? प्रत्येक रंगसूत्राच्या टोंकास “टी टी ए जी जी जी” हीं सहा अक्षरें पुनःपुन्हां लिहिलेलीं असतात. ग्रंथाच्या शेवटीं समाप्तीची खूण असावी तशीं. १९९१ सालीं असें आढळलें कीं, मनुष्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या रंगसूत्रांत ही समाप्तीची खूण मध्यभागीं आहे, आणि तीही दोन टोंकें समोरासमोर चिकटविल्यासारखी. कपींचीं जीं दोन वेगळीं रंगसूत्रें आहेत तीं आपल्या वंशांत एकत्र सांधलीं गेलीं. पोथी हरवली नाहीं. दोन बाडें एकत्र बांधलीं गेलीं, आणि बांधणाऱ्यानें मधलीं समाप्तीचीं पानें काढलीं नाहींत.

अशा अनेक प्रमाणांवरून, आणि अक्षरांतील फरक कोणत्या वेगानें सांचतो ह्याच्या अंदाजावरून, पुढील वंशवृक्ष मान्य झाला आहे. ओरांगउटानची शाखा सुमारे सव्वा ते दीड कोटी वर्षांपूर्वीं फुटली, गोरिलाची सुमारे ८० लाख ते १ कोटी वर्षांपूर्वीं, आणि मनुष्य व चिंपांझी ह्यांच्या शाखा सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीं वेगळ्या झाल्या. तथापि सर्वच पानें एकमुखानें बोलत नाहींत. गोरिलाची पोथी वाचल्यावर असें दिसलें कीं, सुमारे ३० टक्के भागांत गोरिला हा मनुष्याशीं किंवा चिंपांझीशीं, ते दोघे परस्परांशीं जितके जवळ आहेत त्याहून अधिक जवळ आहे. ह्यांत विरोध नाहीं. एका कुटुंबांतही एखाद्या मुलाचें नाक सख्ख्या भावासारखें नसून चुलतभावासारखें असतें. कारण आज्याच्या घरीं दोन्ही तऱ्हेचीं नाकें होतीं, आणि तीं नातवंडांत कशींही वांटलीं गेलीं. म्हणून वंशवृक्ष एका पानावरून न ठरवितां सर्व पोथीवरून ठरवावा लागतो.

आतां वाचक विचारतील कीं, फरक इतका थोडा, तर मनुष्याचें मनुष्यपण कोठें आहे? १९७५ सालीं मेरी-क्लेअर किंग आणि वर सांगितलेले विल्सन ह्यांनीं असें मत मांडलें कीं, शरीरांतील पदार्थ दोघांत जवळजवळ तेच असून, ते कोठें, केव्हां व किती तयार व्हावे ह्याच्या आज्ञांत मुख्य फरक असावा. आपल्या धानाच्या मुलखांत हें समजणें कठीण नाहीं. एकाच धानाचा भात होतो, पोहे होतात आणि मुरमुरेही होतात; धान बदलत नाहीं, भिजविणें, भाजणें व कांडणें ह्यांची वेळ आणि रीत बदलते. पुढील संशोधनानें ह्या मतास पुष्कळ बळकटी आली. ११८ अक्षरांचा एक लहानसा उतारा कोंबडीच्या व चिंपांझीच्या पोथींत जवळजवळ तोच आहे, फरक अवघ्या दोन अक्षरांचा. परंतु चिंपांझी व मनुष्य ह्यांच्यांत त्याच उताऱ्यांत १८ अक्षरें बदललीं आहेत, आणि हा उतारा गर्भांतील मेंदूच्या वाढीच्या वेळीं वापरला जातो. हा शोध २००६ सालचा आहे. मात्र वाणीचें जनुक, बुद्धीचें जनुक असें एकेक जनुक दाखवितां येत नाहीं. ज्याचा संबंध बोलण्याशीं आहे असें एक जनुक मनुष्यांत चिंपांझीहून दोन जागीं निराळें आहे. पण नामशेष झालेल्या निअँडरथाल मानवांतही तें आपल्यासारखेंच होतें असें पुढें निष्पन्न झालें.

एका अक्षरानें काय होतें, हें पाहण्यास आफ्रिकेंतील अरण्यांत जावें लागत नाहीं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर ह्या जिल्ह्यांतील अनेक घरांत सिकलसेलचा आजार आहे. रक्तांतील हिमोग्लोबिनच्या एका साखळींत १४६ घटक असतात. पोथींतील एका अक्षराच्या जागीं, म्हणजे एच्या जागीं टी, आल्यामुळें सहावा घटक बदलतो, आणि गोल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक नसांत अडकतात. आई व बाप दोघांकडूनही बदललेली प्रत आली तर हा आजार होतो. एकच प्रत आली तर मनुष्य बहुधा निरोगी राहतो, आणि घातक हिंवतापापासून त्यास कांहीं संरक्षणही मिळतें. म्हणूनच हिंवतापाच्या प्रदेशांत हें अक्षर टिकून राहिलें. ह्या अक्षराच्या आजूबाजूचीं अक्षरें ताडून असें ठरलें आहे कीं, भारतांतील व अरबस्तानच्या पूर्व भागांतील हा बदल एकाच घराण्याचा असून आफ्रिकेंतील बदलाचीं घराणीं निराळीं आहेत. म्हणजे वर सांगितलेली समान चुकीची कसोटी येथेंही उपयोगी पडली.

आतां एक गोष्ट आम्ही वाचकांस विशेष लक्ष देऊन वाचण्याची विनंती करतों. निरोगी मनुष्याच्या आणि चिंपांझीच्या हिमोग्लोबिनच्या साखळ्या तंतोतंत एकच आहेत. एकाही घटकाचा फरक नाहीं. सिकलसेल असलेल्या मुलीची साखळी मात्र तिच्या शेजारीं बांकावर बसणाऱ्या मैत्रिणीच्या साखळीहून निराळी आहे. म्हणून ती मुलगी चिंपांझीपेक्षां आपणांस दूरची झाली, असें कोणी म्हणेल काय? अक्षरांच्या जुळणीवरून वंशाचा इतिहास कळतो. कोणाची योग्यता त्यावरून मोजतां येत नाहीं. कपींशीं नातें निघाल्यानें मनुष्यास कमीपणा येत नाहीं, आणि एक अक्षर निराळें असल्यानें कोणा मुलाच्या किंवा सुनेच्या माथीं दोष येत नाहीं. रोग्याची एक प्रत आईची आणि एक बापाची असते. तेव्हां ‘हा रोग तुझ्या माहेरचा’ असें बोलणें निर्दयपणाचें आहेच, पण तें खोटेंही आहे.

उलट ह्या ज्ञानापासून कर्तव्यें निघतात. दोघेही एकेक बदललेली प्रत बाळगणारे असले, तर प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. सिकलसेलच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजीं सुरू झाली असून तिच्यांत रक्ताच्या तपासणीवर भर आहे. पालकांनीं आपल्या मुलामुलींची ही तपासणी करून घ्यावी, आणि लग्न ठरवितांना पत्रिकेइतकीच ह्या तपासणीचीही चौकशी करावी.

दुसरें कर्तव्य त्या दूरच्या भाऊबंदांविषयीं आहे. मोठ्या कपींच्या सर्वच जाती आज संकटांत आहेत. सुमात्रांतील तापानुली ओरांगउटान ही निराळी जात म्हणून २०१७ सालीं ओळखली गेली, आणि तेव्हांच तिचे ८०० हूनही कमी प्राणी उरले असल्याचा अंदाज होता. भांडारकर मंदिराच्या पंडितांनीं एकेक जीर्ण पोथी जपली, कारण एक पोथी नाहींशी झाली कीं तिची साक्ष कायमची बुडते. कपींच्या पोथ्यांचीं अक्षरें आज उतरून ठेवलेलीं आहेत खरीं. परंतु त्या अक्षरांप्रमाणें पिलास उराशीं धरणारी आई उतरून ठेवतां येत नाहीं. विद्यार्थ्यांनीं आपल्या रानांतील वानरास दगड मारण्यापूर्वीं क्षणभर त्याच्या हाताकडे पाहावें. त्याच्या बोटांस आपल्यासारखींच नखें आहेत, आणि त्यासही आवळ्याची गरज आपल्याइतकीच आहे.